गेला तसा आला

इटलीत म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करायला गेलेली इलिंका दोन वर्षांनी आपल्या गावी, बोतोशानीला परतली. तिची आई आग्लाया, शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारी. आईने दारातच लेकीची ती एकुलती बॅग पाहिली. "शेजारणींच्या पोरी तिकडून येऊन घरं बांधतात. तू गेलीस तशीच आलीस! काय फरक पडला? शून्य!" लेकीने बॅग उघडलीसुद्धा नाही.

तासाभराने आग्लायाबाईंच्या वर्गात तिबेरिऊ नावाच्या विद्यार्थ्याने फळ्यावर तेच उत्तर लिहिलं. चेंडू सेकंदाला दहा मीटर वेगाने भिंतीकडे गेला, तेवढ्याच झपाट्याने मागे आला. म्हणून सरासरी त्वरण शून्य.

बाई भडकल्या. "अरे ठोंब्या, दिशा कोण बघणार, तुझा आजोबा? तिकडे अधिक दहा, इकडे उणे दहा, फरक वीसचा! तोही सेकंदाच्या दहाव्या भागात, म्हणजे दोनशे. म्हणे गेला तसा आला! भिंतीवर केवढ्याने आपटला असेल, त्याचा काही विचार केलास?"

"नाही केला, बाई."

त्याला दहापैकी चार, म्हणजे नापासाचे गुण लिहायला उचललेलं पेन बाईंच्या हातात तसंच राहिलं.

"बस खाली," त्या हळूच म्हणाल्या. "मीही नाही केला."