चांदीची डबी

ऑपरेशनला नेताना नर्सनं चन्नबसप्पांच्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी उतरवून गौरम्माच्या हातात दिली. “काई बी होऊ दे, डबी मोडू नको,” त्यांनी बायकोला बजावलं. पण औषधांची नवी चिठ्ठी आली, तशी तिनं लिंग पदराच्या गाठीत बांधलं अन् रिकामी डबी घेऊन लातूरच्या गंजगोलाईतलं सराफाचं दुकान गाठलं. सराफानं डबी घासून पाहिली. “मावशी, ही चांदी न्हाई. नुसता मुलामा हाय. डबी बी नवीच दिसतीय.” गौरम्मानं डबी परत हातात घेतली. गेल्या वर्षी तिची गर्भपिशवी काढली, तेव्हा खर्चाचं विचारल्यावर चन्नबसप्पा म्हणाले होते, “सगळं सरकारी योजनेत बसलं.” तिनं गळ्यातलं डोरलं काढून सराफापुढं ठेवलं. शुद्धीवर येताच चन्नबसप्पांचा हात गळ्याकडं गेला. “डबी मोडली न्हाई ना?” “न्हाई,” पदर गळ्याभोवती लपेटत ती म्हणाली, “तुमची चांदी हाय तशी हाय.”