आरशातली जागा

गेलेल्या बायकोनं शेवटच्या आजारपणात फोनवर एक वाक्य रेकॉर्ड करून ठेवलं होतं. मास्तरांना ते काही केल्या कळत नव्हतं. त्यापायी त्यांनी मोठे स्पीकर आणले, भिंतींवर स्पंजची जाड पॅनेलं ठोकली, तरी आवाज घुमायचा आणि शब्दांचा पार लगदा व्हायचा.

“बाबा, पुरे ना आता. सोडा ते वाक्य,” लेक पुन्हा काकुळतीला आली.

तरी आरसा घेऊन ती भिंतीलगत सरकत होती. खुर्चीतून आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे आवाज आपटून उलटतो, म्हणून पॅनेल तिथेच ठोकायचं.

“थांब! हीच जागा.”

“मी तुमच्या अगदी बाजूला उभी आहे, बाबा. इथे स्पीकर कसा दिसेल? तुम्हीच दिसणार.”

आरशात मास्तरच होते. त्यांच्या कानाशी वाकून बायको जीव तोडून काहीतरी सांगत होती.

“आवाज वाढव गं,” मास्तर रडकुंडीला आले.

“अजून लावलंय कुठे?”

आणि तेवढ्यात शब्द पहिल्यांदाच स्वच्छ ऐकू आले.

“अहो, ही आरसा धरून उभी आहे ना, ती आपली लेक नाही.”