परतीचा कागद

"आता हे लोकसुद्धा युरोपला निघाले! मग आपल्याला कुठून तारीख मिळणार," आखातातल्या त्या व्हिसा केंद्रात मागच्या खुर्चीतल्या बाई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या. बोलणं मराठीत होतं, म्हणून आवाज फारसा खाली आणायची त्यांना गरज वाटली नव्हती.

पुंडलिक मेस्त्रीनं मान वळवली. "वैनी, जरा पेन देतास? एक सही रवली हा."

बाईंनी पेन दिलं. मग बराच वेळ त्या फोनमध्ये डोकं घालून बसल्या. फोन बंद होता.

पुंडलिकचा नंबर लागला. काचेपलीकडे हिजाबातली तरुण मुलगी, छातीवर नावाची पट्टी: जवेरिया.

"अंकल, जर्मनी में कौन है आपका?"

"कोण नाय."

ती थबकली. "मराठी का, काका? आम्ही दापोलीचे." तिचा आवाज मऊ झाला. प्रश्न तेच राहिले.

कंपनीचं पत्र? दिलं. रजेचा कागद? दिला. इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, पुढल्या वर्षापर्यंत चालणारा होता. हॉटेल, विमा, परतीचं तिकीट, सगळं होतं. जलीबच्या कामगार-वस्तीत त्याच्याच खोलीत राहणाऱ्या सुदेशनं सुट्टीचे चार शुक्रवार घालवून फाईल लावून दिली होती, आणि चारी शुक्रवार विचारलं होतं, की लाकूड बघायला विमानानं कोण जातं?

"पण काका, कशाला जाताय?"

पुंडलिकनं चिठ्ठी काढून सावकाश वाचलं, "क्वेडलिनबुर्ग. थय लाकडाची घरां आसत. सहाशे वर्षांची. तसली मी हय केलंय. खोटी."

सात वर्षांपूर्वी एका हॉटेलासाठी त्यानं त्या गावाच्या फोटोवरून भिंतीवर थर्माकोलच्या तुळया चिकटवल्या होत्या. वर काळा रंग, खोट्या खुंट्या. इंजिनिअर म्हणाला, तिरपे वासे नुसते शोभेचे, दोन कमी लाव. पुंडलिक म्हणाला, नाय साहेब, भार त्यांच्यावरच येतो. इंजिनिअर हसला होता. बाप सुतार, आजा सुतार असलेल्या माणसाच्या अंगावरून ते हसणं सात वर्षांत उतरलं नव्हतं.

"माका त्या वाशाक हात लावून बघूचा आसा," तो म्हणाला.

जवेरियानं सुपरवायझरला बोलावलं. त्यानं पासपोर्ट पाहिला, पुंडलिकचे हात पाहिले, आणि मग तो तिच्याशी इंग्रजीत हळू काहीतरी बोलला.

"सर म्हणतात, कारण जरा स्ट्राँग हवं. गावच्या घराचा उतारा आहे का?"

"तो कशाक? मी घर बघूक चललंय, विकूक नाय."

मागे कुणीतरी हसलं.

"मुलांचे काही दाखले?"

"पोरग्याचा लगीन मी मोबायलार बघलंय. त्येचो फोटो आसा. देऊ?"

"तसं नाही, काका. फाईलला बरं दिसतं."

"कशासाठी बरा?"

जवेरिया स्टेपलरशी चाळा करत राहिली.

पुंडलिकनं पिशवीतून सागाचे दोन तुकडे काढले. एकाच्या खाचेत दुसरा बसवलेला, मधून आरपार लाकडी खुंटी. "खिळो नाय. ओढ बघू."

तिनं ओढलं. सुपरवायझरनं ओढलं, त्याचा चेहरा लाल झाला, सांधा हलला नाही.

"ह्या माझा कारण. लाव फायलीक."

"काका, हे स्कॅन होत नाही हो."

"मग हातात घेवन दाखव थयल्या सायबाक."

जवेरियाला हसू आलं, ते तिनं गिळलं. फाईल काचेखालून अर्धी त्याच्याकडे सरकवली. "असं करू या का? पुढच्या वर्षी एखाद्या ग्रुपबरोबर जा. आत्ता म्हणजे... तुम्ही एकटे, इथं फॅमिलीशिवाय, बॅचलर म्हणून राहता... समजून घ्या ना."

ती कीबोर्डकडे बघत होती. सुपरवायझर छताकडे. मागच्या बाईंनीही आता फोन पर्समध्ये टाकला होता.

पुंडलिकनं उठून त्यांचं पेन त्यांना परत दिलं, पुन्हा खुर्चीत बसला आणि फाईल होती तिथं काचेपलीकडे ढकलली.

"बाय, तुझ्या तोंडातसून येना नाय, म्हणान मीच बोलतंय. मी थय पळान जातलंय, असा वाटता तुमका."

सुपरवायझरनं छतावरची नजर खाली आणली.

"पळान मी एकदाच इलंय. हय. सत्तावीस वर्षां झाली. तवा माका कोणीच इचारूक नाय, परत येतलंस काय म्हणान. एक कागद मागूक नाय."