उलटतपासणी

चाकणची विजयश्री कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. गरीब आरोपींचे खटले फुकट लढणाऱ्या सरकारी कार्यालयात तिला उमेदवारी करायची होती, म्हणून ती मुलाखतीला आली होती. खुर्चीत तिला स्वस्थ बसवत नव्हतं.

“हेच काम का? घरातलं कोणी अडकलं होतं का?” वाघमारे सरांनी विचारलं.

“नाही सर. खंडू म्हणून एक कंत्राटी कामगार होता, परभणीकडचा. शिफ्ट सुटल्यावर पायी घरी चालला होता, त्याला साखळीचोर म्हणून धरलं. एका शाळकरी मुलीनं ‘हाच तो’ म्हणून ओळख पटवली. चांगला वकील द्यायची त्याची ऐपत नव्हती. जो मिळाला, त्यानं कोर्टात त्या मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. खंडूनं दोन वर्षं तुरुंगात काढली, आणि मग खरा चोर सापडला.”

“मुलगी साक्षीला पक्की असेल, तर विचारून तरी काय होणार होतं?”

“पक्की नव्हती सर. चोराच्या डोक्यावर हेल्मेट होतं. ‘तुला चेहरा दिसला का?’ एवढंच कुणी विचारलं असतं, तर ती ‘नाही’ म्हणाली असती.”

सर जरा हसले. “ती काय म्हणाली असती, हे तुला कसं माहीत?”



“साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मीच उभी होते, सर. कुणीतरी विचारेल म्हणून वाट बघत होते.”