शेवटची रांग

आईचा आवाज तिसऱ्या रांगेपुढे जात नव्हता, म्हणून साउंडवाल्या लेकीनं स्टेजवरच्या फुलदाणीत माईक दडवला. दिग्दर्शकानं दमच भरला होता, “आवाज पोचला नाही तर दुसरी नटी उभी करीन.” पण आईची नजर घारीची. तिनं फुलं उपसून माईक काढला, बटण बंद केलं. “अगं आई, सगळेच लावतात हल्ली.” “चाळीस वर्षं ही कुबडी लागली नाही मला! जा, शेवटच्या रांगेत बस. ऐकू नाही आलं तर खुशाल लाव तुझं खेळणं.” लेक पाय आपटत मागे गेली. स्टेजवर आईचे ओठ हलले, हात उंचावला. लेकीपर्यंत एक अक्षर आलं नाही. “खणखणीत, आई!” ती ओरडली. आईनं माईक चालू केला. दोन्ही स्पीकरमधून आवाज आला, “नुसते ओठ हलवले होते मी, बाळा.” मग तिनंच माईक पुन्हा फुलांत खोचला.