उतरलेलं कोलेस्टेरॉल

"एकशे अठरा!" महांतप्पांनी रिपोर्टवर बोट आपटलं. "गेल्या साली दोनशे चाळीस हुतं. गोळी न्हाय, पथ्य न्हाय. आपोआप उतरलं की!"

उमरग्याच्या त्या दवाखान्यात त्यांच्यामागं बायको सारजाबाई आणि मुलगा शिवराज उभे होते. दोघंही हसले नाहीत. डॉक्टर मैथिलीही हसल्या नाहीत.

"काका, पंच्याहत्तरीत कोलेस्टेरॉल असं कोसळलं की मला भीती वाटते. अंगात कुठं मोठी सूज असली, पू धरला असला, की ते असंच खाली येतं. सूज दाखवणारा दुसरा आकडा तुमचा पंधरापट वाढलाय. सदरा काढा."

"कशाला? मला काय बी झालं न्हाय."

"काढा."

हात वर करताच महांतप्पा कळवळले. शेवटी मैथिलींनी कात्रीनं सदरा कापला.

पाठभर काठीचे जुने-नवे वळ. खांद्याखाली विळ्याचा वीतभर घाव, त्यावर हळद थापून फडकं बांधलेलं. फडकं ओढलं तसा कुजका वास सुटला आणि पू कमरेपर्यंत ओघळला. बरगडीला बोट लागलं तर म्हातारा ओरडलाच.

"हा घाव कधीचा?"

"दोन म्हैने झाले," शिवराज पुटपुटला.

"कुणी मारलं?"

महांतप्पांनी मान खाली घातली. "नाव नगा लिवू, बाई. घरातली गोष्ट हाय."

मैथिलींनी शिवराजकडं पाहिलं. उंचापुरा गडी, मनगटं जाडजूड.

"तू?"

त्यानं एकवार आईकडं पाहिलं. "व्हय. म्याच मारलं. लिवा."

"जन्मदात्या बापाला? विळ्यानं?" मैथिलींचा आवाज चिरकला. "हा पू रक्तात उतरला तर ते जगणार नाहीत, कळतंय का तुला?"

शिवराजनं नुसती मान डोलावली. महांतप्पांनीही नाही म्हटलं नाही.

मैथिलींनी पोलिसांना लावायला फोन उचलला. तेव्हा सारजाबाई पुढं आल्या आणि त्यांनी तो मैथिलींच्या हातातून हळूच काढून घेतला.

"पोराला सोडा, बाई. इळा म्या घातला. काठी बी माझीच. पन्नास वर्सं हे मला मारत हुते, तवा कुठल्या डाक्टरनं पोलिसाला फोन केला न्हाय."