पलीकडची बाजू

"या बेटावर एकही मोटार नाही बरं का," लाँच सुटता सुटता सुधाकरनं सांगितलं, आणि त्याच्या आईचं, झुंबरबाईचं, तोंडच उतरलं.

बाकीच्या उतारूंना आनंद झाला. मुंबईच्या गोंगाटातून सुटून दिवसभर घारापुरीला निवांत फिरायचं, म्हणून तर सगळे निघाले होते. झुंबरबाईला निवांतपणाचं काही अप्रूप नव्हतं. तो पिंपळगाव राजाला घरचाच होता.

नव्या राज्याच्या सचिवालयात सुधाकर कारकून म्हणून लागला, तेव्हा आईबाप पाच दिवसांसाठी मुंबई बघायला आले. गावात झुंबरबाई नवऱ्याच्या दहा पावलं मागून चाले. बाजार असो, लग्न असो की देऊळ. पुढे शेषराव, मागे झुंबरबाई. तशी रीतच होती. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या चेहऱ्यापेक्षा पाठच तिच्या जास्त ओळखीची झाली होती.

मुंबईत पहिल्याच दिवशी ती भररस्त्यात थिजली. एकीकडून ट्राम, दुसरीकडून लाल बस. पलीकडे पोचलेले शेषराव धावत मागे आले, तिचं मनगट धरलं आणि तिला ओढतच घेऊन गेले. फुटपाथवर पाय पडताच त्यांनी हात सोडला आणि भलतीकडेच बघू लागले. तेव्हापासून प्रत्येक रस्त्याला हेच. दुसऱ्या दिवशी मनगटावरची पकड हळूच तळव्यावर आली.  झुंबरबाईला रस्त्यांची गोडी लागली. काल तिला समोरच्या दुकानातली लुगडी बरी वाटली. समोर गेल्यावर अलीकडचीच बरी वाटली. सुधाकर वैतागला. शेषराव मात्र गुमान तिला घेऊन चार वेळा तोच रस्ता ओलांडून आले.

उद्या सकाळी परतीची गाडी होती. आता हा एवढाच दिवस उरला होता, आणि पोरानं तो नेमका असल्या ठिकाणी घालवायचं ठरवलं होतं.

त्यात शेषरावांनी खलाशाजवळ खोदून खोदून चौकशी मांडली. मोटार नाही, मग बैलगाडी? तीही नाही. टांगा? नाही. बरं, रस्ता तरी? रस्ता कशाला हवा, खलाशी हसला, धक्क्यापासून पायवाट आहे आणि पुढे लेण्यांपर्यंत पायऱ्या. हे ऐकून शेषराव खूश दिसले. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट बसवली. हात धरायची कटकट मिटली म्हणून माणूस खूश झाला, असं झुंबरबाईनं मनाशी धरलं. तिला फार वाईट वाटलं. इतकं, की समुद्राची भीतीसुद्धा ती विसरून गेली.

लाँच धक्क्याला लागली. सुधाकर आणि बाकीची मंडळी झपाझप पुढे निघाली. त्यांच्यामागून शेषराव आणि दहा पावलं सोडून झुंबरबाई. दोन्ही बाजूंना दाट झाडी होती. नवऱ्याच्या नव्या वहाणांची करकर तिला स्पष्ट ऐकू येत होती आणि समोर तीच जुनी पाठ होती. या वयात कसले लाड, तिनं स्वतःला दटावलं. तरी डोळ्यांत पाणी आलंच, आणि पाणी आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

पायऱ्यांच्या वळणावर सुधाकर दिसेनासा झाला. शेषराव थांबले. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मुंबईत रस्ता ओलांडण्याआधी पाहत अगदी तसंच. मग दहा पावलं मागे येऊन त्यांनी तिचा हात हातात घेतला.

झुंबरबाई गोंधळली. "इथं मोटारा नाहीत म्हणते ना सुधाकर," ती कशीबशी म्हणाली.

"मालूम हाय मले," शेषराव तिला घेऊन चालू लागले. "रस्ताबी नाही. मंग पलीकडं जाऊन हात सोडाचा तरी कुठी?"